मथुराबाईने भाव केला नाही

बुऱ्हाणपूरच्या लोधीपुऱ्यात कुणाच्या घरी लग्न निघालं की पत्रिका छापायच्या आधी मथुराबाईला निरोप जातो. जेवायला नव्हे, बाजाराला. साड्यांचा बस्ता असो, भांडी असोत, नाहीतर मंडपवाला असो, मथुराबाई सोबत पाहिजेच. ती पायरी चढताना दिसली की कापडाचा शेठ गादीवर सरळ होऊन बसतो आणि कुणी न विचारताच सांगून टाकतो, "आज भाव फिक्स आहे बरं, मथुराताई."

मथुराबाई हसते. चपला काढते, पदर सावरून बसते आणि भावाबद्दल चकार शब्द काढत नाही. आधी शेठच्या आईचे गुडघे. मग सुनेचं बाळंतपण. मग थोरल्याने इंदूरला घेतलेला फ्लॅट. फ्लॅटचा विषय निघाला की शेठ खुलतो, लिफ्ट कशी आहे, गॅलरीतून काय दिसतं ते सांगत सुटतो आणि तिथेच फसतो. इंदूरला एवढा फ्लॅट घेणाऱ्या माणसाला साडीमागे दोनशे रुपये सोडत नाही असं कुठल्या तोंडाने म्हणता येईल?

आणि एवढं करून, पिशवी हातात आल्यावर, बाईचा शेवटचा प्रश्न असतो: "आणि कोथिंबीर?"

भाजीवाली पालक-मेथीवर कोथिंबिरीच्या चार काड्या फुकट टाकते ना, तो मथुराबाईच्या मते साऱ्या व्यापाराचा कायदा आहे. साडीवाल्याची कोथिंबीर म्हणजे रुमाल, भांडेवाल्याची म्हणजे चमचा. सासूबाईंची कवळी करून घेतली तेव्हा तिने दातांच्या डॉक्टरांनाही कोथिंबीर मागितली होती, आणि ब्रश घेऊनच उठली.

कुणी तिला कंजूष म्हणतं. म्हणणाऱ्याला तिचं घर ठाऊक नाही. वाचवलेल्या दोनशेतला चहा ती त्याच शेठला पाजून येते. अर्ध्या बुऱ्हाणपुराच्या आयांचे गुडघे तिला माहीत आहेत ते या भाव करण्यापायीच. ज्या दुकानदाराशी तिचं जमत नाही, त्याच्याशी ती भाव करत नाही. मुकाट्याने पैसे देते आणि परत त्या दुकानाची पायरी चढत नाही.

एकाच ठिकाणी ती जमत असूनही भाव करत नाही, ते म्हणजे सोयऱ्यांकडे. हा तिच्या माहेरचा, चांदनी गावचा धडा. तिच्या काकाने बहिणीच्या सासऱ्याकडून बैलजोडी घेतली आणि घेताना पाचशे रुपयांवरून घासाघीस केली. बैल स्वस्तात आले, पण त्या वर्षी आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, बहीण माहेरी आली नाही. पुढच्या वर्षीही नाही. झोका बांधलेला, आणि बसणारी नाही. बैल म्हातारे होऊन मेले तेव्हा कुठे ती आली. मथुराबाई तेव्हा परकरात होती, पण झोका तिच्या लक्षात राहिला.

आता तिचा नवरा प्रभाकर. हा माणूस म्हणजे देवाने हिशेब जुळवायला पाठवलेला. केळीच्या बागांनी वेढलेल्या बुऱ्हाणपुरात राहून याने दिल्लीच्या भावाने केळी विकत आणलेली आहेत. सोसायटीच्या ऑफिसातून रिटायर झाल्यावर त्याने एक जुनी व्हॅन घेतली आणि शाळेच्या मुलांची ने-आण करू लागला. मुलं त्याच्या डोक्यावर बसतात, पण ते राहू द्या. गेल्या मे महिन्यात शाळा बंद झाल्या आणि व्हॅन निळा धूर सोडू लागली. पेट्रोलपेक्षा ऑइल जास्त प्यायची. नेहमीचा मिस्त्री दुकान बंद करून मुलाकडे राहायला गेलेला.

नेमकं त्याच आठवड्यात समोरच्या कोकिळाबाईने भूमिकासाठी स्थळ आणलं. भूमिका ही या दोघांची एकुलती एक मुलगी. खासगी शाळेत गणित शिकवते आणि आजवर आलेल्या स्थळांना तिने गणितातल्यासारखंच खोडून काढलं होतं. हे स्थळ मात्र खोडलं गेलं नाही. मुलगा मोहित, बुऱ्हाणपुरातल्याच लालबागला बापलेकांचं गॅरेज, बापाचं नाव चुडामण, आई निर्मला, माणसं साधी. गॅरेजच्या इन्स्टावर मोहितने टाकलेले सगळे व्हिडिओ भूमिकाने बघून काढले होते. क्लच कसा बदलतात हे तिला आता तोंडपाठ होतं. आई विचारायला गेली की म्हणायची, "काही नाही गं मम्मी, जनरल नॉलेज."

येत्या रविवारी मुलाकडची माणसं मुलगी बघायला येणार असं ठरलं. आणि बुधवारी प्रभाकर सकाळी व्हॅन घेऊन गेला तो रिक्षाने परत आला.

"व्हॅन कुठंय?" मथुराबाईने विचारलं. ती गच्चीवर कुरडया घालत होती.

"लालबागला टाकून आलो. चुडामणभाऊंकडे. म्हटलं, आता घरचंच गॅरेज."

मथुराबाईच्या हातातला सोऱ्या थांबला. "अहो! अजून मुलगी दाखवली नाही आणि तुम्ही गाडी दाखवून आलात?"

"खूप चांगला माणूस आहे. चहा पाजला."

"चहा पाजणारच. गाडी बघितल्यावर कुणीही पाजेल."

संध्याकाळी चहाची किंमत मोबाइलवर आली. मोहितने खर्चाचा अंदाज पाठवला होता. भूमिकाने वाचून दाखवला. इंजिन खोलणे, बोर, पिस्टन-रिंग, हेडचं काम, क्लच प्लेट, वायरिंग, मजुरी. एकूण अडतीस हजार.

"किती?"

"अडतीस, मम्मी. इतने में तो आधी गाडी आ जाती."

कोकिळाबाईच्या दिराच्या व्हॅनचं हेच काम मागच्या दिवाळीत बाविसात झालेलं. मथुराबाईने स्वतः जाऊन भाव तोडून दिला होता, सीटची कव्हरं कोथिंबीर म्हणून काढली होती. दुसरा कुणी असता तर ती त्याच पावली निघाली असती, गॅरेजवाल्याच्या आईचे गुडघे विचारत. पण हा चुडामण उद्याचा व्याही. डोळ्यांपुढे चांदनीचा रिकामा झोका हलायला लागला.

त्यात एक वाईट शंका आली. ती तिने स्वयंपाकघरात, हळू आवाजात प्रभाकरला सांगितली. "हुंडा मागायची लाज वाटते म्हणून इंजिनात घालून मागताहेत की काय?"

"छे छे. साधी माणसं आहेत."

"तुम्हाला सगळेच साधे वाटतात. म्हणून तर केळी दिल्लीच्या भावाने येतात आपल्याकडे."

हळू आवाज लोधीपुऱ्याच्या मानाने हळू होता. भूमिका दारात येऊन उभी राहिली. "हुंडा असेल तर मी ह्या घरात जाणार नाही. सरळ विचारून टाका ना, इतने कैसे."

"विचारायचं नसतं. सोयरे आहेत."

"अजून कुठे आहेत?"

"होतील ना. तुला हवे आहेत की नकोत?"

भूमिकाने मोबाइल उघडला आणि पुन्हा क्लचचा व्हिडिओ लावला. मथुराबाईने मुलीचा चेहरा पाहिला, पिस्टन-रिंगवर मन घट्ट केलं आणि प्रभाकरला म्हणाली, "लिहा. ठीक आहे, काम सुरू करा."

"एवढंच?"

"एवढंच. एक अक्षर जास्त नको."

मथुराबाईच्या अख्ख्या संसारात असं पहिल्यांदा झालं. त्याचा धक्का तिला दुसऱ्या दिवशी बाजारातही पुरला. गोदाबाई भाजीवालीने वांगी साठ सांगितली, मथुराबाईने साठ दिले. गोदाबाई घाबरली. "बाई, तब्येत तर बरी आहे ना?" म्हणत तिने स्वतःच कोथिंबिरीची जुडी पुढे केली, तर मथुराबाई ती तशीच ठेवून निघाली. दुपारपर्यंत गल्लीत बातमी होती की मथुराबाईला काहीतरी मोठं दुखणं निघालंय.

शुक्रवारी प्रभाकर लालबागला डोकावून आला. व्हॅन निंबाखाली उभी होती तशीच, नटसुद्धा ढिला केलेला नाही. मोहितने नमस्कार केला आणि मान फिरवली. चुडामण म्हणाला, "बघू, बघू." चहा नाही.

आणि शनिवारी सकाळी कोकिळाबाई आली ती दारातच उभी राहून म्हणाली, "मथुराताई, उद्याचं राहू द्या म्हणताहेत. थोडं थांबू म्हणे."

"का? पत्रिका तर जुळली."

"ते काही बोलले नाहीत बाई. निर्मलाताईने फोनच ठेवून दिला."

आत भूमिका वह्या तपासत बसली होती. सुट्टीत कसल्या वह्या, हे विचारायची कुणाची हिंमत झाली नाही. "अडतीस कमी पडले की काय?" मथुराबाई पुटपुटली. मग कोकिळाबाईचा हात धरला. "तू जा. आत्ता जा. काय झालं ते पोटात शिरून काढून आण."

पोटात शिरणं हे कोकिळाबाईचं काम. त्यात तिला कुणी शिकवायला नको. ती गेली, लालबागला निर्मलाच्या ओट्यावर बसून दोन ताटल्या केळ्याच्या चिप्स संपवल्या आणि जेवणाच्या वेळेला परतली. आल्या आल्या तिने मथुराबाईलाच फैलावर घेतलं.

"तुम्ही भाव का नाही केला?"

"काय?"

"भाव! त्या चुडामणभाऊंशी. मी पहिल्याच दिवशी त्यांना तुमचं सगळं सांगितलं होतं. म्हटलं, आमच्या मथुराताई म्हणजे बाजारात ज्याच्याशी जमतं त्याच्याशीच घासाघीस करतात, जमलं नाही तर गप पैसे देऊन उठतात. तारीफच केली मी. तर त्यांनी काय केलं, बाविसाचं काम अडतीस सांगितलं. म्हणे बाईंना खेळायला जागा पाहिजे. सरळ बावीस सांगितले तर बाई चौदावर आणतील आणि आम्हाला नाही म्हणता यायचं नाही. निर्मलाताईने तुमच्यासाठी रसाचे आंबे आणून ठेवलेले. तुम्ही याल, भांडाल, रस खाल, असं ठरवून बसलेले. आणि तुमच्याकडून काय आलं? ठीक आहे."

मथुराबाईने तिच्यापुढे पाण्याचा तांब्या सरकवला.

"तीन दिवस त्यांच्या घरात तेच चालू आहे," कोकिळाबाईने पाणी पिऊन पुढे सुरू केलं. "बाईंना आम्ही पसंत नाही. पैसे चुकते करून मोकळं व्हायचं दिसतंय. मोहितने तर जेवण सोडलंय. म्हणजे एक वेळचं."

आतून वहीचं पान फाडल्याचा आवाज आला. भूमिका बाहेर आली. "मम्मी, तू जाते की मी जाऊ?"

"तू कशाला जाशील? तुला भाव करता येतो का?" मथुराबाई उठली. चांगली साडी नेसली, मग ती बदलून बाजाराची नेसली. पर्स काखेत मारली. नाक्यावर रिक्षावाला लालबागचे ऐंशी म्हणाला. ती पन्नासवर बसली, आणि लोधीपुऱ्याला कळलं की दुखणं बरं झालं.

गॅरेजमध्ये चुडामण स्टुलावर बसून पाना पुसत होता. निंबाखाली प्रभाकरच्या व्हॅनच्या शेजारी एक जीप होती आणि जीपखालून दोन पाय बाहेर आले होते. होणारा जावई मथुराबाईने पहिल्यांदा पाहिला तो असा, तळव्यांकडून. तळवे धुतलेले होते. हे तिने मनात टिपून ठेवलं.

चुडामण गडबडून उठला. "या ताई. मी काय म्हणतो, ते व्हॅनचं…"

"व्हॅनचं मागाहून. चुडामणभाऊ, तुमच्या आईचे गुडघे कसे आहेत?"

चुडामणने तिच्याकडे बघितलं. हळूहळू त्याच्या चेहऱ्यावर उजेड पसरला. "आई जाऊन बरीच वर्षं झाली, ताई."

"मग त्यांना आता त्रास नाही. तुमचे?"

"माझे फार दुखतात," चुडामण आनंदाने म्हणाला. आणि मागच्या घराकडे तोंड करून ओरडला, "अगं, बाहेर ये! ताई आल्यात! गुडघे विचारताहेत!"

निर्मला पाण्याचा तांब्या घेऊन धावतच आली. मथुराबाईने हात वर केला. "पाणी नंतर. आधी क्लच प्लेट. ती नवी कशाला?"

"घासली आहे, ताई."

"कशी घासेल? आमचे हे क्लच दाबतच नाहीत. त्यांना जन्मात कुणाला दाबता आलेलं नाही. आणि वायरिंग?"

"उंदराने खाल्ली."

"उंदीर कुणाचा? गाडी आली तेव्हा दिवे लागत होते. उंदीर तुमच्या गॅरेजचा, वायर आमची. पैसे उलटे तुम्हीच द्यायचे."

"असा अंधेर करू नका हो ताई. मजुरी तरी सुटू द्या. चला, पस्तीस."

"अठरा."

"अठरात तर सामान येत नाही!"

"मग सामान नका टाकू, नुसता चहा पाजून पाठवा. आमच्या ह्यांना बुधवारी तसंच तर पाठवलंत."

शेजारचा पंक्चरवाला काम टाकून कठड्यावर येऊन बसला. जीपखालचे पाय हलायचे थांबले होते. चुडामण पस्तीसवरून तीस, तीसवरून अठ्ठावीसवर आला आणि तिथे मुंडी हलवून घट्ट बसला. तेव्हा मथुराबाईने तिचा नेहमीचा शेवटचा डाव टाकला. पर्स काखेत मारली, "राहू द्या मग," म्हणाली आणि फाटकाकडे चालू लागली.

या डावात दुकानदाराने हाक मारायची असते. बुऱ्हाणपुरात हे लहान पोराला ठाऊक आहे. पण ती निंबापाशी आली तरी हाक आली नाही. फाटकापाशी आली तरी नाही. कापडाच्या दुकानातून असं निघाल्यावर फार तर एक साडी जाते. इथे मागे काय राहत होतं ते तिला नीट माहीत होतं. ती आयुष्यात एवढ्या हळू कधी चालली नव्हती. चपलेचा पट्टा चांगला असूनही वाकून तो नीट केला.

"अहो, हाक मारा ना!" मागून निर्मलाचा आवाज आला. "रिक्षात बसेल ती!"

"थांब गं, थोडं ताणू दे…"

"काय ताणता! पोरगं उपाशी आहे! मथुराताई! पंचवीस!"

मथुराबाई वळली. तिला हसायला येत होतं आणि डोळ्यांत पाणीही, पण चेहरा तिने बाजाराचाच ठेवला. "वीस."

जीपखालून मोहित सरपटत बाहेर आला. कपाळापासून कोपरापर्यंत काळा. हात जोडावेत तर हात तसे, म्हणून नुसतीच मान वाकवली. "काकू, खरं सांगू? काम बाविसाचंच आहे. बाबांनी उगाच…"

"गप रे!" चुडामण, निर्मला आणि मथुराबाई तिघंही एकदमच ओरडली. "मोठी माणसं बोलताहेत ना?"

हा धंद्यात मार खाणार, मथुराबाईच्या मनात आलं. आणि लगेच दुसरं आलं, की अशाच मुलाला मुलगी द्यावी. भाव साडेएकविसावर तुटला. पंक्चरवाल्याने टाळी वाजवली.

"आणि कोथिंबीर?"

चुडामण बुचकळ्यात पडला. निर्मलाला मात्र कोकिळाबाईने चिप्स खाता खाता सगळंच सांगितलेलं होतं. ती म्हणाली, "उद्या आम्ही येतो. ठरल्याप्रमाणे. येताना रवा-तुपाचा दराबा आणतो. ही घ्या कोथिंबीर."

"किती आणाल?"

"अर्धा किलो."

"एक."

"पाऊण," निर्मला म्हणाली. मथुराबाईने पहिल्यांदा तिच्याकडे नीट बघितलं. ही आपल्यातलीच निघाली. मग तिने पाण्याचा तांब्या घेतला, पाणी प्यायली आणि सांगितलं, "आज भाव केला तो शेवटचा. साखरपुडा झाला की तुमच्याशी भाव करणार नाही. आमच्यात सोयऱ्यांशी करत नाहीत. काही राहिलं असेल तर आत्ताच बोलून घ्या." आणि रस खायला बसली. तो संपेपर्यंत तिने मंडपवाला कोणता आणि मानपान किती तेही उरकून टाकलं.

रविवारी पाऊण किलो दराबा आला. मुलीने मुलाला विचारलं, क्लच प्लेट खरंच घासली होती का? मुलगा म्हणाला, पूर्ण. साखरपुडा शाळा उघडायच्या आधी झाला आणि व्हॅनचा धूर त्याच्याही आधी थांबला.

पण व्हॅन जुनी ती जुनीच. पावसात तिचा सेल्फ गेला. यावेळी प्रभाकरबरोबर मथुराबाईही गेली. चुडामणने तासाभरात काम केलं आणि हात पुसत म्हणाला, "काही नाही द्यायचं, विहीणबाई. घरची गाडी."

"असं कसं? दोन हजार घ्या."

"अहो, शंभर रुपयेसुद्धा नको."

"बावीसशे."

"बरं, दोनशे द्या. नुसतं सामानाचं."

"पंचवीसशे! मी काही भाव करत नाहीये, आधीच सांगते. सोयऱ्यांशी आम्ही करत नाही."

पंक्चरवाला पुन्हा कठड्यावर येऊन बसला. चुडामण चढत होता पन्नास-पन्नासने, मथुराबाई नोटा त्याच्या खिशात कोंबत होती, निर्मला त्या काढून पर्समध्ये परत घालत होती. प्रभाकर व्हॅनला टेकून उभा होता. नेमकं कोण जिंकतंय ते त्याला शेवटपर्यंत कळलं नाही. मथुराबाईने एकदा फाटकापर्यंत जाऊनही पाहिलं. अखेर नऊशेवर मिटलं. चुडामणने नोटा खिशात टाकल्या आणि डोळे बारीक करून विचारलं, "आणि कोथिंबीर?"

मथुराबाईने पिशवीत हात घातला आणि हिरवीगार जुडी काढून विहिणीच्या हातात ठेवली. येताना गोदाबाईकडून भेंडी घेतली होती, तिच्यावर फुकट मिळालेली.